तिघांना नेत नाय

१

वैतरणेच्या पात्रात खारबेटच्या पुलाचे खांब उभे आहेत. नऊ वर्षं नुसते खांबच उभे आहेत. वर पूल नाही. निधी संपला, असं सरकार म्हणतं. भूमिपूजनाची पाटी अजून काठावर आहे. तिच्यावरची पुढाऱ्यांची नावं खाऱ्या वाऱ्यानं खाऊन टाकली, तेवढाच काय तो न्याय झाला. त्यामुळे खारबेटला जायचं तर आजही होडीनंच जावं लागतं, तेही भरतीच्या वेळी. ओहोटीला दोन्ही काठांना कमरेइतका चिखल असतो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारी तीनच्या भरतीला, सँड्रा होडीच्या धक्क्यावर पोचली. नवरा एरॉल गाडी चालवत होता. मागच्या सीटवर तिचे पप्पा बसले होते, राजोडीचे सिप्रियन सर. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला हा माणूस पंचक्रोशीत भांडखोर म्हणून नावाजलेला. टँकरच्या पाण्यावरून भांडले, बुजवलेल्या बावखलांवरून, म्हणजे गावतळ्यांवरून भांडले, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येऊन रात्रभर स्पीकर लावणाऱ्यांशी तर काठी घेऊन भांडले. माहितीच्या अधिकाराचे अर्ज त्यांनी इतके केले की पालिकेतले कारकून त्यांना लांबून बघूनच जेवायला उठत. आणि दिवसभराचं भांडण ते रात्री ताटावर बसून बायकोला, पॉलिनला, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवत.

पॉलिन मार्चमध्ये गेली. मातीवरून घरी आल्यावर सरांनी कोट खुंटीला लावला आणि बोलणं बंद केलं. आठ महिने झाले. चहा हवा का विचारलं तर मान हलवत. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक होतं. "जागा बदलून बघा," असं म्हणाले.

खारबेटच्या शाळेत सरांची पहिली नोकरी झाली होती. तिथला जुना विद्यार्थी आत्माराम दोन वर्षं फोन करकरून बोलावत होता. म्हणून सँड्रानं त्यांना इथं आणलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की पप्पांनी बोलावं. काहीही बोलावं. तिला शिवी दिली तरी चालेल.

होडीवर धोंडूबाई होती. काटक म्हातारी, डोक्याला टॉवेल बांधलेली. तिनं तिघांकडे बघितलं आणि वल्हं खाली ठेवलं.

"तिघंच?"

"तिघंच," एरॉल म्हणाला. "का मावशी, ग्रुप डिस्काउंट आहे?"

"तिघांना नेत नाय." ती काठावर उतरली. चिखलातून नारळाएवढाही नसेल असा एक काळा, गुळगुळीत दगड तिनं उचलला, पदरानं पुसला आणि सरांच्या शेजारी फळीवर ठेवला. "आता झाले चार. चला."

सँड्राला हसू आलं. तीन तिगाडा, काम बिगाडा. शाळेच्या सहलीला तिघी मैत्रिणी निघाल्या की त्याही खिशात खडा टाकायच्या. पप्पा समोर असते तर या असल्या गोष्टीवर अर्धा तास झोडपून काढलं असतं. पप्पा समोरच होते. ते दगडाकडे बघत गप्प बसले होते.

पाणी तेलासारखं संथ होतं. वल्ह्याचा आवाजसुद्धा उशिरा येतोय असं वाटत होतं. पलीकडच्या पायऱ्यांना होडी लागली तेव्हा धोंडूबाई म्हणाली, "गुरजी, दगड हितंच पायरीवर ठेवा. वर नेऊ नका."

सरांनी दगड उचलला. वाकले. मग तसेच सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "वा! आमच्याबरोबर नदी ओलांडली त्यानं, आणि पायरीवरूनच परत पाठवायचं? चहा तरी घेऊ दे की बिचाऱ्याला."

आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ होते. एरॉलच्या हातातली बॅग पडली. सँड्रा एकाच वेळी हसली आणि रडली.

सरांनी दगड कोटाच्या खिशात टाकला. धोंडूबाई हसली नाही. ती सँड्राकडे बघत राहिली. तू तरी सांग, अशी ती नजर होती. सँड्रानं ती नजर ओळखली, आणि पडलेली बॅग उचलून पायऱ्या चढू लागली. आठ महिन्यांनी फुटलेला आवाज एका दगडापायी तिला पुन्हा बंद करायचा नव्हता.

२

आत्मारामचं घर गावाच्या टोकाला होतं. कौलारू, लांबट, नदीच्या बाजूला ओटी. तो स्वतः साठीचा. सरांच्या पाया पडला आणि डोळे पुसत म्हणाला, "गुरजी, तुमच्या हातच्या छड्या अजून पायाला आठवतात."

"तुला सतराचा पाढा येत नव्हता."

"अजून नाय येत!"

सगळे हसले. सर नुसते बोलत नव्हते, चिमटे काढत होते. सँड्रा ओटीच्या खांबाला टेकून बघत राहिली. ऊन मऊ झालं होतं. खाली ओहोटी लागत होती आणि उघड्या पडणाऱ्या चिखलातून चट चट आवाज येत होता. निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारत होत्या. सगळं कसं दुपारच्या झोपेत दिसतं तसं.

आत्मारामच्या बायकोनं चहा आणला. चार कप.

"तुम्ही घ्या ना आमच्याबरोबर," सँड्रा म्हणाली.

"आमचा झाला मगाशीच," ती म्हणाली. "पाहुन्यांचा हाय ह्यो."

चौथा कप तिनं सरांच्या डाव्या हाताला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. मोजण्यात चूक झाली असेल. सँड्रा रक्तपेढीत काम करते. दिवसाला शंभर बाटल्या मोजणारी माणसंही चुकतात, हे तिला ठाऊक होतं. मागून कप उचलले तेव्हा चारही रिकामे होते. एरॉलला चहाचं वेड आहे. त्यानंच दोन प्यायले असणार.

खोल्या दोन दिल्या होत्या, मध्ये फळ्यांची भिंत. एका खोलीत सँड्रा आणि एरॉल. दुसऱ्या खोलीत सर. त्या खोलीत दोन बाजा होत्या. दोन्हींवर धुतलेली चादर घातलेली, दोन्हींच्या उशाशी पाण्याचा तांब्या.

"पप्पा एकटेच आहेत," सँड्रा म्हणाली.

आत्मारामनं आधी तिच्याकडे आणि मग दाराकडे बघितलं. "हो का?" तो हळूच म्हणाला. "बरं, बरं. असू दे."

३

संध्याकाळी ते तिघं बाजारात फिरायला गेले. बाजार म्हणजे एक रस्ता. किराणा, पिठाची गिरणी, सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेल्या दोन बायका, चहाची टपरी. एके काळी इथं रेतीच्या होड्या लागायच्या. रेती गेली, पैसे वर गेले, आणि गावाला उरला खचलेला काठ.

सर पुढं चालत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "ही शाळा बघ. सातवीपर्यंत होती, आता चौथीपर्यंत. मुलं कमी म्हणतात. अरे, पूल बांधला नाही, माणसं निघून गेली, मुलं कुठून येणार? आधी पाय तोडायचे आणि मग म्हणायचं, हा पळत नाही!"

सँड्रा त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होती. "खरंय पप्पा," ती म्हणाली.

पप्पांनी ऐकलं नाही. ते डावीकडे बघून बोलत होते. मग थांबले. एखाद्याचं उत्तर येईपर्यंत माणूस थांबतो तेवढा वेळ. मग मान डोलावून म्हणाले, "तेच म्हणतो मी."

सँड्रानं स्वतःला समजावलं. आठ महिन्यांचं तुंबलेलं बाहेर पडतंय. म्हातारी माणसं एकटी बोलतात. शेजारचा जॅक्सन अंकल तर कोंबड्यांशी राजकारण बोलतो.

पण टपरीवर बाकडं भरलेलं होतं. सर आले तेव्हा दोन माणसं उठली. एकाची जागा पुरली असती. उठली दोन. सर एका जागेवर बसले आणि दुसरी जागा मोकळीच राहिली. टपरीवाल्यानं न विचारता चार ग्लास भरले. मासळीवाली म्हातारी रस्ता अडवून बसली होती. सरांना वाट द्यायला तिनं टोपली बाजूला घेतली, आणि सर गेल्यावर लगेच परत ओढली नाही. थोडं थांबली, मग ओढली.

कुणी दचकलंही नाही. सगळं गाव पाहुण्यांना जागा देत होतं, रीतीप्रमाणे.

४

रविवारी सकाळी सँड्राला जाग आली ती पप्पांच्या आवाजानं. खिडकीबाहेर धुकं होतं, नदी दिसत नव्हती. फळ्यांच्या भिंतीपलीकडे सर बोलत होते. किनाऱ्यावरच्या स्पीकरवाल्यांशी झालेलं काठीचं भांडण सांगत होते. ते तिला पाठ होतं. मम्मीला ते त्यांनी पंचवीस वेळा सांगितलं असेल.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. खूप बरं वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं की ती शब्दांकडे नाही, मधल्या गप्प जागांकडे कान लावून बसली आहे.

त्या जागा सारख्या नव्हत्या. एक छोटी, एक लांब. एका लांब जागेच्या मध्यावर पप्पा हसले, गोष्टीतला गमतीचा भाग आल्यावर हसतात तसे. "नाही नाही," ते म्हणाले, "तू आधी सांग." मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर चिखल चटचटत होता.

मम्मी असती तर असं झालंच नसतं. मम्मीनं त्यांना उभ्या आयुष्यात एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. "पुरे आता, जेवा," "तुम्हीच का जाता मध्ये," "माहीत आहे, पुढं बोला." भांडणाच्या गोष्टीवर त्यांचं नवं भांडण व्हायचं. संसारच तसा होता. पलीकडे जे कोणी होतं, ते अधेमधे बोलत नव्हतं. ते पूर्ण ऐकून घेत होतं.

आणि "जे कोणी होतं" असं आपण मनातल्या मनात म्हटलं, हे कळल्यावर सँड्रा उठून बसली.

तिनं दार ढकललं. पप्पा बाजेवर मांडी घालून बसले होते, चेहरा तरतरीत. दुसऱ्या बाजेवर कुणी नव्हतं. चादर घडी करून ठेवली होती, आणि घडी ओली होती. खुंटीवर त्यांचा कोट होता. सँड्रानं हात घातला. खिशात दगड नव्हता. बोटांना गार, मऊ गाळ लागला. अस्तराला आतून लिंपल्यासारखा.

"काय शोधतेस?" सर म्हणाले.

"दगड, पप्पा."

"कुठला दगड?" त्यांनी खरंच विचारलं.

५

एरॉल ओटीवर दात घासत होता. सँड्रानं त्याला सगळं सांगितलं. तो हसेल याची तिला खात्री होती. तिला ते हसणं हवंच होतं.

तो चूळ भरून म्हणाला, "सँडी, एक सांगू? काल मी एकच कप प्यायलो."

"मग?"

"मग काही नाही. आणि रात्री जेवायला आत जाताना ना, दारात पप्पा गेले, मग मी थांबलो. म्हणजे, जागा दिली. का दिली, माहीत नाही. बॉडीनं दिली." त्यानं ब्रश झटकला. "मला वाटलं उगाच कशाला बोला. पप्पा खूश आहेत. तू खूश आहेस."

सँड्रा खाली नदीच्या पायऱ्यांपाशी गेली. धुक्यात धोंडूबाई चिखलात टेकलेल्या होडीतलं पाणी उपसत होती.

"मावशी, तो दगड पायरीवर ठेवला नाही आम्ही."

"बघितलं मी."

"आता काय करायचं?"

"मला काय इचारतेस, बाय? मी होडी चालवते." तिनं डबा उपडा केला. "चार वाजता पानी भरेल. तेवा या. चौघं हाव, दगडाची गरज नाय."

"चौघं नाही आहोत आम्ही!"

म्हातारीनं वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. दया होती, आणि सँड्राला तीच सोसवली नाही.

"मग चवथ्याला हितं ठेवून जा," धोंडूबाई म्हणाली. "तुझा बाप ठेवनार हाय का, त्याला इचार."

६

चार वाजता नदी काठोकाठ भरली. उन्हानं पाणी पांढरं झालं होतं, नजर ठरत नव्हती. आत्माराम निरोप द्यायला आला होता. सर नवरदेवासारखे खुशीत होते. होडीपाशी येऊन त्यांनी हात पुढं केला, कुणाला तरी उतारावर आधार द्यावा तसा.

सँड्रा मध्ये उभी राहिली.

"पप्पा, आपण तिघंच जायचं."

"तिघांना नेत नाय," धोंडूबाई होडीतून म्हणाली.

"मग दगड घ्या. दुसरा घ्या. या वेळी मी स्वतः पायरीवर ठेवीन."

"वेडी आहेस," सर म्हणाले. वर्गातला आवाज होता तो. "माणूस बरोबर असताना दगड कशाला?"

"पप्पा, ती मम्मी नाहीये."

बोलल्यावर तिला वाटलं, आपण फार क्रूर बोललो. आता ते कोसळतील, नाहीतर ओरडतील. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माहीत आहे गं मला," ते म्हणाले. "पॉलिनला मी ओळखणार नाही का?"

"मग कोण आहे?"

"ते नाही विचारलं. एवढं ऐकून घेणाऱ्या माणसाला नाव विचारायचं असतं का? चाळीस वर्षं बोललो मी, सँड्रा. कलेक्टर, पालिका, चर्चची कमिटी, तुझी आई. पुरतं कुणी ऐकलं? तू ऐकलंस?"

आठ महिने तिनं पप्पांना बोलतं करण्यासाठी काय काय केलं होतं. ते बोलले की आपण ऐकणार आहोत का, हे तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"मी ऐकीन," ती म्हणाली. "आता ऐकीन. रोज. पण त्याला घरी नाही न्यायचं. मम्मीच्या खोलीत नाही. पप्पा, प्लीज."

धोंडूबाईनं वल्ह्यानं पायरी टोकरली. "पानी फिरलं. लवकर ठरवा."

सरांनी डावीकडे बघितलं. थोडा वेळ गेला. मग ते शहाण्या माणसासारखे म्हणाले, "बरं. तुझं घर आहे, तुझं म्हणणं रास्त आहे. तुम्ही दोघं जा. आम्ही दोघं मागून येतो. आत्माराम, तुझ्याकडे आणखी चार दिवस चालेल ना?"

"गुरजी, घर तुमचंच हाय," आत्माराम म्हणाला. पण तो सरांकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

"मी नाही जाणार तुम्हाला सोडून!"

"सँड्रा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बस."

आणि ती बसली. अडतीस वर्षांची बाई, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मुकाट होडीत बसली. का बसली, हे पुढं ती स्वतःलाही सांगू शकली नाही. शनिवारी परत येऊ, फादरना घेऊन येऊ, डॉक्टरांना घेऊन येऊ, असं काहीतरी ती एरॉलला बोलत होती, आणि एरॉल तिचा हात घट्ट धरून हो हो म्हणत होता. पण त्या क्षणी फक्त एवढंच खरं होतं की पप्पांच्या डाव्या बाजूला उभं राहायची तिची हिंमत नव्हती. होडी सुटली.

पात्राच्या मध्यावर आल्यावर तिनं मागं बघितलं.

आत्माराम निघून गेला होता. पायऱ्यांवर पप्पा एकटे उभे होते, डावीकडे तोंड करून. ऊन अंगावर येत होतं. पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हणून ती कानात प्राण आणून ऐकू लागली. आता कसलं भांडण सांगत असतील? पुलाचं? शाळेचं?

पप्पा बोलत नव्हते.

तोंड मिटलेलं होतं. मान अधूनमधून हलत होती, समजलं म्हणून. कुणीतरी बोलत होतं आणि ते ऐकत होते. त्यांची पाळी संपली होती, दुसऱ्याची सुरू झाली होती. तिनं वाट बघितली. एखादं वाक्य किती लांब असू शकतं? होडी आणखी पुढं गेली. पप्पा ऐकतच होते.

आणि मग सँड्राला दिसलं की ते कसे ऐकत आहेत. मम्मी त्यांच्या खांद्याला लागायची. मम्मीचं ऐकताना पप्पा मान खाली घालायचे. आत्ता त्यांनी मान वर केली होती. खूप वर. नारळाच्या शेंड्याकडे बघावं तशी.

"पप्पा!" ती ओरडली. "पप्पा! पप्पा!"

एरॉलही ओरडला. धोंडूबाईनं वल्हं थांबवलं नाही, उलट जोरात मारलं.

सर वळले नाहीत. मान तशीच वर ठेवून त्यांनी फक्त उजव्या हाताचं एक बोट उंचावलं. गडबड करणाऱ्या वर्गाला छत्तीस वर्षं दाखवत आले तसं.

थांबा. ऐकू द्या.